व्याह्यांची खुकुरी आणि आपले अनर्थदंडव्रत



आजचा विषय वाचून काहीजणी दचकतील. अष्टमी-चतुर्दशीचा स्वयंपाक, दशलक्षणातले एकाशन, उन्हाळी वाळवणे यांवर लिहिणारी ही बाई एकदम शस्त्रावर कुठे घसरली, असे वाटेल. पण आमच्या घरात गेले वर्षभर जो विचार चालला तो तुमच्यापुढे मांडावासा वाटतो. आता आपल्या मुली-मुलांची लग्ने जातीपलीकडे, प्रांतापलीकडे होत आहेत. व्याह्यांच्या घरातल्या चालीरीती आणि आपली व्रते यांची गाठ कधी ना कधी पडतेच.

माझी धाकटी सून नेपाळची. तिचे माहेर धरानला. पूर्व नेपाळात डोंगर जिथे सुरू होतात तिथले हे गाव. मूळ घर त्याच्याही वर, भोजपूरच्या डोंगरात. समाज राई. तिचे वडील आपल्या भारतीय सैन्यातल्या गोरखा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार झाला आणि जुन्या दहा गोरखा पलटणींपैकी सहा भारताकडे, चार ब्रिटनकडे गेल्या. त्यामुळे नेपाळचा माणूस भारताच्या फौजेत आयुष्य काढतो आणि पेन्शन घेऊन आपल्या डोंगरात परततो, हे तिकडे घरोघरी आहे. आपल्याकडे 'गुरखा' म्हटले की रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा माणूस आठवतो. तेवढ्यावर आपली ओळख थांबते.

सुभेदारसाहेबांनी लग्नानंतर एकदा फोनवर विचारले, "समधिनीजी, जावयाला खुकुरी द्यायची आहे. चांगली करवून देईन. कोणत्या पद्धतीची आवडेल तेवढे सांगा." तिकडे विहिणीला समधिनी म्हणतात. मी तेव्हा "घरात विचारून सांगते" म्हटले आणि फोन ठेवला.

आमच्या घरात विचारायचे म्हणजे सासूबाईंना. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि दुसऱ्या प्रतिमेच्या व्रती आहेत, म्हणजे श्रावकाची बारा व्रते घेतलेल्या. त्यातले एक अनर्थदंडविरमण. कारण नसताना, गरज नसताना जी पापे आपण अंगाला लावून घेतो त्यांपासून दूर राहायचे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार दिले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. त्यातला दुसरा, हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. त्या यादीत परशू आहे, कृपाण आहे, कुदळ-फावडे आहे, विस्तव आहे, साखळ्या आहेत. म्हणजे इथे तर व्याही प्रेमाने देणार तीच वस्तू शास्त्राने नाव घेऊन सांगितलेली!

एकीकडे व्रती सासूबाई आणि दुसरीकडे सून. ती त्या दिवशी भांडी लावता लावता मला एवढेच म्हणाली, "आई, पप्पांनी दिलेली वस्तू माळ्यावर नाही ना जाणार?" मला त्या प्रश्नाचे वजन कळले. मुलीने मांसाहार सोडला, कांदा-बटाटा सोडला, रात्रीचे जेवण सोडले. तिच्या माहेरची एक वस्तू घरात यायची, तर ती तोंड फिरवून घ्यायची की नीट हातात घ्यायची?

सासूबाई पटकन काही बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी ती वस्तू काय आहे ते समजून घे. न बघता नाही म्हणणं हेही बरं नाही." म्हणून मी चौकशीला लागले. सुनेला विचारले, तिच्या आईला विचारले, आणि चातुर्मास संपल्यावर आम्ही काठमांडू करून धरानला गेलो तेव्हा प्रत्यक्ष पाहिले.

आधी ही वस्तू काय ते सांगते. खुकुरीचे पाते आतल्या बाजूला वाकलेले असते, आपल्या विळ्यासारखे, पण टोकाकडे रुंद आणि जड. त्या वजनामुळे घाव आपोआप खोल जातो, हाताला जोर कमी लागतो. मुठीजवळ धारेच्या बाजूला एक छोटी खाच असते, तिला काउडी म्हणतात. ती कशासाठी याची उत्तरे अनेक. कोणी म्हणते गाईच्या खुराची खूण, कोणी म्हणते शिवाचा त्रिशूळ, कोणी म्हणते रक्त किंवा झाडाचा चीक मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून. म्यानाला दाप म्हणतात. दापाच्या मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. एक कर्दा, म्हणजे बारीकसारीक कामाचा चाकू. दुसरे चकमक, म्हणजे बोथट पाते. त्याने खुकुरीची धार घासून सरळ करतात आणि गारगोटीवर मारून ठिणगीही पाडतात. नाव ऐकून मला बरे वाटले. चकमक हा शब्द आपलाही आहेच की.

एक गैरसमज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो, आणि तो सासूबाईंच्याही डोक्यात होता. खुकुरी एकदा म्यानातून काढली की रक्त पाहिल्याशिवाय परत ठेवत नाहीत म्हणे. विहीणबाई हे ऐकून पोट धरून हसल्या. "मग आम्ही दिवसातून दहा वेळा काय करायचं?" डोंगरातल्या घरात तिने बांबू फोडतात, जनावरांचा चारा तोडतात, सरपण करतात, भोपळा चिरतात, नारळ सोलतात. ती लढाईतही गेली आणि शेतावरही गेली. भाजीसाठी मात्र त्यांच्याकडे चुलेसी असते : लाकडी पाटावर उभे, वाकडे पाते. मी पाहिली आणि क्षणभर वाटले, कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातच उभी आहे. ती आपली विळीच!

आता प्रकार. दुकानात गेले की भिंतभर खुकुऱ्या टांगलेल्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. पण जरा नजर बसली की फरक कळतो. काही नावे आकारावरून पडली आहेत, काही गावावरून, तर काही घडणीवरून.

सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी, सडपातळ आणि लांब. दिसायला सर्वांत देखणी. फोटोत बहुतेक हीच असते. हलकी म्हणून हातात छान फिरते, पण सरपण फोडायला तिचा फारसा उपयोग नाही. भोजपुरे ही भोजपूरची, जाड पाठीची, रुंद पोटाची, कामाची खुकुरी. बुढुने आणखी रुंद, टोकाकडे फुगलेली. मोठ्या डोक्याच्या एका माशावरून हे नाव आले म्हणतात. चित्लांगे काठमांडू खोऱ्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या चित्लांग गावची. सल्यानी पश्चिमेकडच्या सल्यानची. धनकुटे पूर्वेच्या धनकुट्याची, तिचे म्यान नटवलेले असते. अंगखोला म्हणजे पात्याच्या पाठीकडे खोलगट घडवलेली. पाठ जाड राहूनही वजन कमी होते. चिर्रा म्हणजे पात्यावर लांब खाचा ओढलेली, खाचा तीन असल्या तर तीन चिर्रा.

पानावाल हा शब्द मात्र मुठीच्या घडणीचा आहे. साध्या खुकुरीत पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या आत जाते. पानावालमध्ये पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीने शेवटपर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटने बसवतात. मूठ कधी सैल होत नाही. आपल्या चांगल्या सुरीची मूठ पाहा, बाजूने पोलादाची रेघ दिसते, तशीच ही.

आणि कोथीमोरा. ही मानाची खुकुरी. म्यानावर चांदीची नक्षी. पूर्वी राजघराण्यात देत; मोठ्या अधिकाऱ्यांना, निवृत्त होणाऱ्या फौजी माणसाला देतात. सुभेदारसाहेबांच्या मनात हीच होती. जावई म्हणजे मानाचा, म्हणून चांदीची.

याशिवाय दसैंत बळी देण्यासाठी वापरायचे खूप लांब, दोन्ही हातांनी धरायचे पातेही असते. ते मी दुकानात लांबूनच पाहिले. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

काठमांडूत छाउनीला राष्ट्रीय संग्रहालय आहे. ती इमारत मूळची शस्त्रागार. तिथे जुन्या खुकुऱ्यांची रांगच पाहायला मिळते. तिथून बाहेर पडल्यावर मी मनात एवढेच ठरवले की आकाराचा प्रश्न नंतर, आपल्यासाठी पहिला प्रश्न वेगळाच आहे.

तो म्हणजे, ही वस्तू कशाकशाची केलेली आहे? पाते पोलादाचे, ते ठीक. बहुतेक कारागीर ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगचे पोलाद वापरतात. पण मूठ अनेकदा म्हशीच्या शिंगाची असते, काळी आणि चकचकीत. म्यान आतून लाकडाचे पण वरून म्हशीच्या कातड्याने मढवलेले. जुन्या वस्तूंत हाडाची आणि हस्तिदंताची मूठही सापडते. आणि पाते मुठीत पक्के बसवायला जो पदार्थ ओततात त्याला लाहा म्हणतात. हा शब्द आपल्या 'लाखे'चाच भाऊ. लाख किड्यांपासून मिळते हे तुम्हाला माहीत आहेच. लाक्षावाणिज्य आणि दंतवाणिज्य हे तर श्रावकाने वर्ज्य करायच्या व्यापारांतच सांगितले आहेत. म्हणजे धारेचा विचार करण्याआधीच मूठ, म्यान आणि चिकटवण यांत तीन अडचणी.

हे व्याह्यांना सांगायचे कसे? मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या माणसाने तीस वर्षे कातडी पट्टा कमरेला बांधला, त्याच्या भेटीला "कातडे नको, शिंग नको" म्हणायचे म्हणजे त्यांच्या घराला नाव ठेवल्यासारखे. शेवटी मी सरळ सांगितले. म्हटले, "सुभेदारसाहेब, खुकुरी आम्ही आदराने घेऊ. पण आमच्या घरात मेलेल्या जनावराची वस्तू चालत नाही. मूठ आणि म्यान नुसत्या लाकडाचे होईल का? आणि लाहाऐवजी दुसरे काही?" ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटले, संपले. मग म्हणाले, "समधिनीजी, म्यान म्हणजे खुकुरीचे कपडे. कपडे जशी नेसवाल तसे. चला, उद्या आरनात जाऊ, तुम्हीच त्याला सांगा."

आरन म्हणजे लोहाराची शाळा. आपली ऐरण आणि त्यांचे आरन, शब्द जवळचेच वाटतात. कारागिरांना कामी म्हणतात, आडनाव बहुतेक विश्वकर्मा लावतात. कातड्याचे काम सार्की करतात. साऱ्या नेपाळने ज्यांची वस्तू अभिमानाने मिरवली त्या लोकांना मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, पाणी चालू दिले नाही. १९६३ च्या मुलुकी ऐनने जातीवरून भेदाला दिलेली कायद्याची मान्यता काढून घेतली, आणि २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. डोंगरातल्या गावांत अजून सगळे मिटलेले नाही, असे सून सांगते. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? भगवान ऋषभदेवांनी माणसांना जगण्याची सहा कामे शिकवली : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. लोहाराचे शिल्प त्यातच आले आणि सुभेदारसाहेबांची असि म्हणजे तलवार तर पहिलीच. हे मला त्या आरनात, कोळशाच्या धगीसमोर उभी असताना आठवले.

तिथे एक गोष्ट पाहिली ती सांगते. पाते ठोकून आकार दिल्यावर ते लाल तापवतात. मग आपण चहा ओततो तशा किटलीतून कारागीर फक्त धारेवरून पाण्याची बारीक धार सोडतो. धार झटकन गार होते आणि कडक होते. पाठ मात्र हळूहळू निवते आणि चिवट राहते. धार कडक म्हणून टिकते, पाठ चिवट म्हणून पाते तुटत नाही. मशीन नाही, थर्मामीटर नाही, नुसता डोळ्यांनी रंग ओळखायचा. मी त्याला विचारले, चूक झाली तर? तो हसून म्हणाला, परत तापवायचे.

चिकटवणीचे त्याने लगेच ऐकले. म्हणाला, पानावाल घ्या, रिव्हेटवर बसते, वर हवे तर बाजारातला एपॉक्सी लावतो. लाहाचा प्रश्नच मिटला. मूठ सिसौची, म्हणजे आपल्या शिसवीच्या जातीच्या लाकडाची. म्यान लाकडाचेच, वरून काही न चढवता, तेल पाजलेले, तोंडाला पितळेची पट्टी.

राहिला आकार. कोथीमोरा मी नको म्हटले. चांदी म्हणून नव्हे. ती नुसती भिंतीवर लटकते, आणि सासूबाईंनी परिग्रहाचे प्रमाण बांधून घेतले आहे. दिखाव्याची चांदी त्यात बसत नाही. सिरुपाते शोभेची, तिचेही काम नाही. सुभेदारसाहेब म्हणाले, "मग भोजपुरे. माझ्या आजोबांच्या गावची. पण छोटी." आणि छोटी हवीच होती, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत खुकुरीचे नाव घेऊन लिहिले आहे : ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांच्या वर्गात येते. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेल्यांना त्यातून वगळले आहे. पण कोण कुठे तपासणार आणि काय समजावणार? भोजपुरे रुंद असते, म्हणून कारागिराला आधीच सांगून पाते ७ इंची आणि २ इंचांच्या आतले करून घेतले. विमानात ती हातातल्या सामानात नेता येत नाही. चेक-इनच्या बॅगेत, नीट गुंडाळून ठेवायची.

आता दसैंबद्दल. हे न लिहिता पुढे गेले तर लिहिण्यात अर्थ नाही. अश्विनातला तो त्यांचा सर्वांत मोठा सण, पंधरा दिवसांचा. घरोघरी बोकड, कुठे म्हैस कापली जाते, आणि हत्यारांची पूजा होते. बारा जिल्ह्यात गढीमाईची जत्रा दर पाच वर्षांनी भरते, तिथल्या बळींची वर्णने तर वाचवत नाहीत. सुनेच्या घरीही बोकड कापत. ती लहानपणी त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन कानात बोटे घालून बसायची, असे तिने मला सांगितले. आता तिकडेही काही घरांत बोकडाऐवजी कुभिंडो, म्हणजे कोहळा कापतात. ती मोठ्या आशेने म्हणाली, "आई, हे तरी चांगलं ना?"

मी बरे वाटून घेतले होते. एक जीव वाचला हे खरेच. पण सासूबाईंनी तिला जवळ बसवून यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' याच कथेवर लिहिले, आणि कानडीत, अपभ्रंशातही ती आहे. राजाने खरा जीव मारायला नकार दिला, पण आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून बळी दिला. पिठाला कुठे जीव होता? पण मारण्याचा भाव मनात होता, आणि त्या भावाने मायलेक किती जन्म पशुयोनीत फिरले! सासूबाई म्हणाल्या, "बाळ, कोहळा कापायला दोष नाही. भाजीसाठी मी पण कापते. बोकड समजून कापला तर दोष."

सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तीच खुकुरी, तोच कोहळा, पण दोन वेगळी कामं." मला वाटते, संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा यांतला फरक इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता. आपण गृहस्थ आहोत. चूल, जाते, उखळ, झाडू, पाण्याची घागर यांत जीव जातातच, म्हणून तर आपण गाळून, पाहून, झटकून वागतो. घरसंसारात नाइलाजाने होते ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी, संरक्षणात होते ती विरोधी. श्रावकाला पूर्ण सोडायला सांगितली ती संकल्पी, म्हणजे मारायचेच म्हणून मारलेली. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची मूर्ती उभी करणारा चामुंडराय सेनापतीच होता, हेही आपण विसरतो. सुभेदारसाहेबांनी सरहद्दीवर जे केले ते मोजायला मी कोण?

सासूबाईंचा निर्णय मी जसाच्या तसा लिहिते. त्या म्हणाल्या, "घेण्यात मला दोष दिसत नाही. विळी पण पातंच आहे, कोयता पण पातंच. हिंसादान म्हणजे पुढे देणं. माझ्याकडे कोणी कोयता मागायला आलं तर मी काय कापायचं ते विचारते. ऊस म्हटलं तर देते, जत्रेचं म्हटलं तर देत नाही. खुकुरीलाही हाच नियम. हा नियम पाळणार असाल तर आणा. भिंतीवर लावायची नाही, देव्हाऱ्याजवळ ठेवायची नाही, पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही."

तर ती आली. आता आमच्या शेतघरात असते. नारळ सोलायला, वाळलेल्या फांद्या तोडायला, उसाचे वाढे छाटायला. कर्दा मात्र सुनेने स्वयंपाकघरात ठेवला आहे, फळे चिरायला.

तुमच्यापैकी कितीजणी पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या सहलीला जातात. काठमांडूत आपले जैन मंदिरही आहे. मल्लिनाथ आणि नमिनाथ भगवंतांची जन्मभूमी मिथिला, तिचा बराच भाग आज नेपाळच्या तराईत येतो. श्वेतांबर परंपरेत तर भद्रबाहूस्वामी नेपाळात ध्यानाला बसले होते आणि स्थूलभद्र त्यांच्याकडे पूर्वांचे ज्ञान घ्यायला गेले, असे सांगतात. तेव्हा तो देश आपल्याला परका नाही. सहलीत पुरुषमंडळी आणि मुले हमखास खुकुरी घ्यायला थांबतात. तेव्हा "नको ते" म्हणून पुढे न जाता एवढे विचारा.

मूठ कशाची? काळी चकचकीत असली तर बहुतेक शिंग, लाकडाची मागा. म्यानावर कातडे आहे का? नुसत्या लाकडाचे मिळते किंवा करून देतात. पाते कशाने बसवले? पानावाल असेल तर रिव्हेट दिसतात. पाते शोभेचे आहे की कामाचे? शोभेच्या पात्याला धारच नसते, काही पातळ पत्र्याची असतात. कामाचे पाते पाठीला जाड असते आणि हातात घेतले की वजन पुढे जाणवते. लांबी आणि रुंदी मोजून घ्या. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारा : घरी नेऊन करणार काय? उत्तर नसेल तर घेऊ नका. भिंतीवर टांगलेले शस्त्र पाहून मुलांच्या मनात मारामारीचे खेळ येतात, तेही एक अपध्यानच.

घेतलीच तर काळजी कशी घ्यायची तेही सांगते. हे स्टेनलेस स्टील नव्हे, लगेच गंजते. वापरल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवायचे. तिकडे तोरीचे म्हणजे मोहरीचे तेल लावतात, मी खोबरेल लावते. म्यानातून काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचे. धारेच्या बाजूला बोटे गुंडाळली आणि म्यान चिरले तर बोटे गेलीच. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतले.

खंडेनवमीला प्रश्न आला होता. सुनेच्या माहेरी त्या दिवसांत हत्यारांना रक्ताचा टिळा लावतात. आमच्या शेजारी कोयत्या-नांगराला हळदकुंकू. आम्ही काय करायचे? सासूबाईंनी काहीच सांगितले नाही. सुनेनेच त्या दिवशी विळी, कोयता, खुरपी, अडकित्ता आणि खुकुरी ओसरीवर मांडली, सगळी घासली, तेल लावले, पाहून पाहून मुंग्या झटकल्या आणि जागच्या जागी ठेवली. मग वडिलांना व्हिडिओ कॉल करून दाखवली. ते म्हणाले, "धार टिकली आहे. बघ, भोजपूरचं काम आहे."

गेल्या महिन्यात गावची जत्रा होती. मी मंदिरात गेले होते, सासूबाई सामायिकाला बसल्या होत्या. मळ्याशेजारचा मुलगा दारात आला, "वहिनी, तुमची ती नेपाळी खुकुरी जरा द्या की." सून बाहेर आली आणि तिने विचारले, "काय कापायचं आहे?" मुलगा हसला आणि तसाच गेला. हे तिने मला सांगितले नाही. सासूबाईंनी आतून ऐकले होते, त्यांनी सांगितले.

तुमच्याही घरात अशी एखादी माहेरची, सासरची किंवा दुसऱ्या रीतीची वस्तू आली असेल. तुम्ही काय नियम केला ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र.